देवसुद्धा मुक्काम करत चढतो



आजचा विषय केदारनाथ. या देवळाची चित्रफीत तुमच्यापैकी प्रत्येकानं मोबाइलवर कधी ना कधी पाहिली असेल. मागे बर्फाचं शिखर, पुढे करड्या दगडांचं देऊळ आणि दर्शनाची लांबलचक रांग. त्यामुळे स्थानमाहात्म्य मी थोडक्यात सांगेन. मला मुख्यतः बोलायचं आहे ते तिथे कोणत्या चालीनं जावं, याबद्दल. माझी नोकरी सैन्यातली आणि त्यातली बरीच वर्षं उंच डोंगरात गेली. निवृत्तीनंतर मी केदारनाथला तीनदा गेलो. तिथली गर्दी पाहताना भक्त म्हणून जेवढा आनंद झाला, तेवढीच सैनिक म्हणून काळजी वाटली. आज त्या काळजीबद्दल बोलतो.

सुरुवात देवापासूनच करू.

केदारनाथचं देऊळ वर्षभर उघडं नसतं. साधारण अक्षय तृतीयेच्या सुमारास दार उघडतं आणि भाऊबीजेला बंद होतं. तिथे ‘कपाट खुलना’, ‘कपाट बंद होना’ म्हणतात. उघडण्याची तिथी महाशिवरात्रीला जाहीर होते, तीही खाली उखीमठमध्ये. कारण हिवाळ्यात केदारनाथ बर्फाखाली असतं आणि देवाची पूजा उखीमठच्या ओंकारेश्वर मंदिरात चालते. उन्हाळा आला की पंचमुखी उत्सवमूर्ती डोलीत बसते आणि माणसांच्या खांद्यावरून वर निघते. पुढे सैन्याचा बँड, मागे भाविक.

आता बारकाईनं ऐका. ही डोली एका दिवसात वर जात नाही. उखीमठहून निघाली की पहिला मुक्काम गुप्तकाशीला. दुसरा फाट्याला. तिसरा गौरीकुंडला. चौथ्या दिवशी ती केदारनाथला पोचते आणि पाचव्या दिवशी सकाळी देवळाचं दार उघडतं. उखीमठ ते गौरीकुंड हा आज मोटारीचा दोनेक तासांचा रस्ता आहे. तरी देव तीन रात्री वाटेत काढतो. वाहून नेणारी माणसं त्याच डोंगरातली, त्या उंचीला सरावलेली. त्यांना घाई केली तरी चालली असती. पण रीत तशी नाही. देवसुद्धा मुक्काम करत चढतो.

आणि आपण? इंदूरहून, बडोद्याहून, हैदराबादहून, बेळगावहून, पुण्या-मुंबईहून निघतो. सकाळी हरिद्वारला रेल्वेतून उतरतो. स्टेशनबाहेर टेम्पो ट्रॅव्हलर उभी असते. रात्री गुप्तकाशी किंवा सोनप्रयाग. पहाटे तीनला उठून गौरीकुंड आणि संध्याकाळी केदारनाथ. छत्तीस तासांत माणूस समुद्रसपाटीपासून सुमारे ३०० मीटरवरून ३,५८३ मीटरवर जातो. म्हणजे जवळजवळ पावणेबारा हजार फूट. लेहची उंची सुमारे ३,५०० मीटर. केदारनाथ लेहपेक्षाही थोडं उंच आहे, हे तिथे जाणाऱ्या बहुतेकांच्या गावीही नसतं.

पूर्वी असं नव्हतं. रस्ते नव्हते तेव्हा हरिद्वारपासूनच पायी चालायचं. अंतर अडीचशे किलोमीटरच्या आसपास. दिवसाला बारा-पंधरा किलोमीटर धरले तरी सतरा ते वीस दिवस झाले. वाटेत ठरावीक अंतरांवर चट्ट्या असायच्या. चट्टी म्हणजे गवती किंवा दगडी निवारा, शेजारी पाणी आणि एक दुकानदार. पीठ-डाळ त्याच्याकडून घ्यायची, भांडी तो द्यायचा, स्वयंपाक आपण करायचा आणि तिथेच पथारी टाकायची. जंगल चट्टी, गरुड चट्टी ही नावं आजही त्या वाटेवर आहेत, ती याच जुन्या व्यवस्थेची. जिम कॉर्बेटचं रुद्रप्रयागच्या नरभक्षक बिबट्यावरचं पुस्तक तुमच्यापैकी काहींनी वाचलं असेल. १९१८ ते १९२६ या काळात त्या बिबट्यानं सरकारी नोंदीप्रमाणे १२५ माणसं मारली. तो वावरत होता तो याच यात्रामार्गावर. त्या काळातला यात्रेकरू चट्टीचं दार लावून रात्र काढायचा आणि उजाडल्यावर पुढे निघायचा.

या वाटेवर आपलाही हात लागलेला आहे. अहिल्याबाई होळकरांनी काशी, सोमनाथ, गया इथे केलेलं काम सर्वांना ठाऊक आहे. केदारनाथच्या यात्रेकरूंसाठीही त्यांनी धर्मशाळा आणि पाण्याचं कुंड बांधलं होतं. पुढे एकोणिसाव्या शतकात स्वामी विशुद्धानंद, ज्यांना लोक बाबा काली कमलीवाले म्हणतात, त्यांनी ऋषिकेशपासून वरपर्यंत धर्मशाळा आणि सदावर्तं सुरू केली. या लोकांनी बांधलं काय? मुक्काम बांधले. यात्रेकरूनं थांबावं, खावं, झोपावं आणि मग पुढे जावं, ही सोय केली.

हे आपल्याला वेगळं सांगायला नको. आळंदी ते पंढरपूर हे अंतरही साधारण अडीचशे किलोमीटर. माउलींची पालखी तिथे काय एका दिवसात पोचते? मुक्काम ठरलेले, विसावे ठरलेले, रिंगणं ठरलेली. वारकऱ्याला कुणी विचारलं की एसटीनं पाच-सहा तासांत जाता येतं, मग चालता कशाला, तर तो हसतो. हिमालयात मात्र तेच आपण घड्याळ लावून धावत सुटतो. पंढरीच्या वाटेवर घाई केली तर पाय दुखतील. केदारच्या वाटेवर घाई केली तर जीव जाऊ शकतो. फरक एवढाच, पण तो मोठा आहे.

का जाऊ शकतो, ते आता सांगतो.

केदारनाथच्या उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे दोन तृतीयांश असतो. हवेतलं प्राणवायूचं प्रमाण तेच, पण हवाच विरळ, त्यामुळे प्रत्येक श्वासात शरीराला मिळणारा प्राणवायू तितका कमी. शरीर याला जुळवून घेतं. श्वास खोल होतो, नाडी वाढते, रक्तात बदल होतात. पण त्याला दिवस लागतात. ते दिवस दिले नाहीत तर आधी डोकं दुखतं, मळमळतं, भूक मरते, झोप लागत नाही. इथवर ठीक, बहुतेकांना यातलं थोडंफार होतंच. पुढची पायरी धोक्याची. काहींच्या फुप्फुसात पाणी साचतं. बसल्या जागी धाप लागते, खोकला येतो, कधी गुलाबी फेस पडतो. काहींच्या मेंदूला सूज येते. मग माणूस बरळतो, तोल जातो, सरळ रेषेत चालता येत नाही. या दोन्हींवर पहिला आणि खरा उपाय एकच, ताबडतोब खाली उतरणं. प्राणवायूची नळी मदत करते, औषधं मदत करतात, पण ती उतरण्याला पर्याय नाहीत.

सैन्यानं हा धडा फार मोठी किंमत देऊन शिकला. १९६२ च्या युद्धात सपाटीवरच्या तुकड्या घाईघाईनं वर चढवल्या गेल्या. शत्रूची गोळी न लागता कितीतरी धडधाकट तरुण आजारी पडले, काही दगावले. त्यानंतर सैन्यातले डॉक्टर इंदर सिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १,९२५ जवानांचा अभ्यास केला आणि १९६९ मध्ये तो प्रसिद्ध केला. उंचीवरच्या आजारांबद्दल जगभर जे शिकवलं जातं, त्यात या भारतीय कामाचा मोठा वाटा आहे.

त्यातून आमचे नियम पक्के झाले. ९,००० ते १२,००० फूट हा पहिला टप्पा. तिथे पोचलेल्या जवानानं सहा दिवस जुळवून घ्यायचं. पहिले दोन दिवस विश्रांती, फार तर जवळपास थोडं फिरणं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी सपाट वाटेवर दीड ते तीन किलोमीटर सावकाश चालणं. पाचव्या-सहाव्या दिवशी पाच किलोमीटरपर्यंत चाल आणि ३०० मीटरपर्यंत चढ. मग पुढच्या टप्प्याचे वेगळे चार दिवस. हा नियम वीस-बावीस वर्षांच्या, रोज पहाटे धावणाऱ्या जवानाला. त्यातून अधिकाऱ्याचीही सुटका नाही.

केदारनाथ बरोबर याच पहिल्या टप्प्यात येतं. आणि तिथे आपण पासष्ट वर्षांच्या, रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्या, घरी लिफ्टनं चढउतार करणाऱ्या वडिलांना पहिल्याच दिवशी सोळा किलोमीटर चालवतो. १,६०० मीटर चढवतो. उपाशीपोटी, कारण ‘दर्शन झाल्यावर खाऊ’. २०२२ च्या मोसमात चारधाम मार्गावर प्रकृती बिघडून मरण पावलेल्या यात्रेकरूंची संख्या दोनशेच्या वर गेली होती. त्यात हृदयविकाराचे झटके पुष्कळ. २०२३ मध्ये एकट्या केदारनाथला एकोणीस लाखांहून जास्त लोक गेले. एवढ्या लोकांत काही जण आजारी पडणारच, असं कुणी म्हणेल. पण यातले कितीतरी मृत्यू दोन जादा मुक्कामांनी टळणारे असतात, एवढं मी माझ्या अनुभवावरून नक्की सांगतो.

मागच्या खेपेला मी लिंचोलीच्या वर थोडा टेकलो होतो. शेजारच्या कठड्यावर एक कुटुंब बसलेलं. मराठी कानावर पडलं म्हणून विचारपूस केली. बडोद्याचे. आई, वडील, मुलगा, सून. वडील साठीचे. ते बोलत नव्हते. ओठ निळसर झालेले आणि बसल्या जागी छाती भात्यासारखी चाललेली. मी मुलाला विचारलं, “कधीपासून असं?” तो म्हणाला, “काका, दमलेत फक्त. आता पाच-सहा किलोमीटरच राहिलंय. खेचर मिळतंय का बघतोय.”

मी वडिलांना उठवून टाचेला बोट लावत दहा पावलं चालायला सांगितलं. ही साधी परीक्षा आहे, लक्षात ठेवा. एका पावलाची टाच दुसऱ्या पावलाच्या बोटांना टेकवायची आणि सरळ रेषेत चालायचं. ते तिसऱ्या पावलाला झोकांडी गेले. मी म्हटलं, “यांना आत्ता खाली न्या. वर नको.”

मुलगा गप्प झाला. आई मात्र म्हणाली, “भाऊ, पंचवीस वर्षं ठरवतोय आम्ही. देवाच्या दारातून माघारी जायचं?”

याला काय उत्तर द्यायचं? शास्त्र सांगून उपयोग नव्हता. मी म्हटलं, “ताई, केदारबाबा कुठे जात नाहीत. पण यांना वर नेलंत, तर परतीला तुम्ही किती जण असाल ते मी सांगू शकत नाही.” हे बोलणं कठोर होतं. सैन्यात आम्हाला असं बोलायची वेळ येते. त्या माउलीनं थोडा वेळ माझ्याकडे पाहिलं आणि मग स्वतःच उठून सामान उचललं. मुलानं कंडीवाल्याला हाक मारली. कंडी म्हणजे पाठीवरची वेताची टोपली, माणसाला तिच्यात बसवून नेतात. वाटेतल्या वैद्यकीय चौकीत प्राणवायू मिळाला आणि ते तसेच गौरीकुंडला उतरले. रात्री मुलाचा फोन आला, “बाबांनी दोन घास खाल्ले.” मला त्या फोननं वरच्या आरतीइतकंच समाधान दिलं.

आता थोडं देवळाबद्दल. एवढं चढून जायचं ते कशासाठी, हेही सांगायला हवं.

मंदाकिनीच्या उगमाजवळ, चोराबाडी हिमनदीनं आणून टाकलेल्या गोट्या-वाळूच्या मैदानावर हे देऊळ उभं आहे. मागे केदार शिखरांची भिंत. जाड करड्या शिळा चुन्याशिवाय एकमेकींत बसवलेल्या, खाली उंच चौथरा, दारासमोर नंदी. आत शिरलं की मंडपात पाच पांडव, द्रौपदी, श्रीकृष्ण यांच्या मूर्ती. गाभाऱ्यात घडवलेली पिंड नाही. जमिनीतून वर आलेला त्रिकोणी खडक आहे. कथा अशी की भारतीय युद्धानंतर पांडव शंकराला शोधत आले. शंकर बैलाचं रूप घेऊन जमिनीत शिरू लागले आणि भीमानं पाठ धरली. ते वशिंड इथे राहिलं. बाकीचे अवयव तुंगनाथ, रुद्रनाथ, मध्यमहेश्वर आणि कल्पेश्वर इथे प्रकट झाले, म्हणून पंचकेदार. त्या खडकाला तूप चोळायची इथली रीत आहे. थंडीनं बधिर झालेल्या हातांनी त्या खडकावरून तूप फिरवताना माणूस काही मागायचं विसरतो. गर्दीच्या दिवसांत मात्र दर्शन बाहेरूनच घ्यावं लागतं, याची तयारी ठेवा.

देवळाचे मुख्य, ज्यांना रावल म्हणतात, ते कर्नाटकातल्या वीरशैव परंपरेतले असतात. बदरीनाथचे रावल केरळचे नंबुद्री. आदि शंकराचार्यांनी इथेच देह ठेवला असं परंपरा मानते. देवळामागे त्यांची समाधी होती. २०१३ च्या पुरात ती गेली आणि २०२१ मध्ये तिथे त्यांची नवी मूर्ती बसवली. दक्षिणेतल्या माणसानं हिमालयातल्या देवाची व्यवस्था पाहायची, हे या देशात शतकानुशतकं चाललेलं आहे. आपल्या राज्याबाहेर राहणाऱ्या मराठी माणसाला याचं अप्रूप जास्त वाटावं.

२०१३ चं नाव निघालंच आहे. १६ जूनच्या संध्याकाळी पहिला पूर आला आणि अर्ध्या वाटेवरचं रामबाडा धुऊन गेला. १७ जूनच्या सकाळी देवळाच्या वर दोनेक किलोमीटरवर असलेलं चोराबाडी सरोवर फुटलं. पाणी, दगड, गाळ मिनिटांत खाली आला. एक प्रचंड शिळा देवळाच्या मागे येऊन अडली. लोक तिला भीमशिला म्हणतात. लोंढा दुभंगून दोन्ही बाजूंनी गेला आणि देऊळ वाचलं. भोवतीचं गाव वाचलं नाही. सरकारी मोजणीतही राज्यातले मृत आणि बेपत्ता मिळून चार हजारांच्या वर होते. सैन्य, हवाई दल, भारत-तिबेट सीमा पोलीस, राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल यांनी हजारो लोकांना बाहेर काढलं. २५ जूनला गौरीकुंडजवळ हवाई दलाचं एमआय-१७ हेलिकॉप्टर पडलं आणि त्यातले वीसही जण गेले. ते दुसऱ्यांना वाचवायला गेले होते. केदारनाथला जाल तेव्हा गौरीकुंडहून निघताना त्यांच्यासाठी एक क्षण थांबा, एवढी विनंती.

आजची वाट त्या पुरानंतरची आहे. जुनी वाट चौदा किलोमीटरची होती. नवी रामबाड्यापाशी मंदाकिनी ओलांडते आणि पलीकडच्या अंगानं लिंचोलीवरून चढते. म्हणून अंतर सुमारे सोळा किलोमीटर झालं आणि चढ तिखट झाला. तरीही डोंगर डोंगरच आहे. ३१ जुलै २०२४ ला ढगफुटीनं ही नवी वाटही जागोजागी तुटली आणि पुन्हा हजारो लोकांना बाहेर काढावं लागलं. हिमालय वयानं तरुण पर्वत आहे, अजून हलतो, अजून ढासळतो. जुलै-ऑगस्टमध्ये तिथे जाऊ नये. मे-जूनचा पूर्वार्ध किंवा मग सप्टेंबरअखेर ते दिवाळी, हा काळ चांगला. त्यातही ऑक्टोबरमध्ये गर्दी कमी आणि आकाश स्वच्छ असतं. थंडी मात्र कडक.

आता प्रत्यक्ष आखणी. लिहून घेतलंत तरी चालेल.

पहिला दिवस हरिद्वार किंवा ऋषिकेश. प्रवासाचा शीण तिथेच काढा. दुसऱ्या दिवशी रुद्रप्रयागमार्गे गुप्तकाशी किंवा उखीमठ, उंची सुमारे १,३०० मीटर. तिसरा दिवस तिथेच. ओंकारेश्वराचं दर्शन घ्या, सकाळ-संध्याकाळ तासभर चाला. चौथ्या दिवशी त्रियुगीनारायण पाहा. शिवपार्वतीचं लग्न तिथे लागलं अशी श्रद्धा आहे आणि तिथली धुनी अखंड तेवत असते. मग सोनप्रयागला या. खासगी गाड्या तिथेच थांबतात. पुढे पाच किलोमीटर शटल जीप. रात्र गौरीकुंडला. पाचव्या दिवशी सकाळी पोटभर खाऊन चढायला लागा आणि लिंचोलीला थांबा. हे सगळ्यात महत्त्वाचं. तिथे तंबू, साध्या खोल्या मिळतात. सहाव्या दिवशी उरलेला चढ चढून केदारनाथ. संध्याकाळची आरती, रात्री मुक्काम. सातव्या दिवशी सकाळी पुन्हा दर्शन आणि उतरणं. आठवा दिवस राखीव. पाऊस आला, दरड पडली, कुणाला बरं नसलं, तर तो लागेल. परतीची रेल्वे नवव्या दिवसाआधी काढू नका. वाटेत अडकलेली माणसं चुकीचे निर्णय घेतात ते बहुतेक वेळा रेल्वेचं तिकीट वाया जाईल या भीतीनं.

तुम्ही म्हणाल, रजा कुठून आणायची? एवढा खर्च? रास्त प्रश्न आहे. माझं उत्तर असं की नेहमीच्या आखणीपेक्षा यात तीन-चार दिवसच जास्त आहेत. ते नसतील तर यंदा जाऊ नका, पुढल्या वर्षी जा. चारधाम एका दमात उरकायचा हट्ट सोडा आणि एकच धाम नीट करा.

निघण्याआधी दोन महिने रोज चाला आणि जिने चढा. पन्नाशीपुढच्यांनी हृदयाची तपासणी करून घ्या. उंचीवर घ्यायच्या गोळ्या असतात, पण त्या डॉक्टरांना विचारून. नेहमीच्या गोळ्या चालू ठेवा. यात्रेत औषध बंद ठेवायचं हे व्रत नव्हे. पाणी भरपूर प्या. दारू, सिगारेट नको. चालताना इतकंच जोरात चाला की शेजाऱ्याशी बोलता आलं पाहिजे. बोलणं तुटायला लागलं की चाल जास्त झाली. बोटाला लावायचं ऑक्सिमीटर जवळ असू द्या, पण नुसत्या आकड्यावर विसंबू नका. माणसाचा चेहरा पाहा. आणि गटातला सगळ्यात हळू माणूस पुढे ठेवा. आमच्याकडे तुकडीची चाल तोच ठरवतो. घरच्या यात्रेत नेमकं उलट होतं. तरुण पोरं पुढे निघून जातात आणि आई मागे एकटी पडते.

हेलिकॉप्टरबद्दल सगळे विचारतात. नोंदणी आयआरसीटीसीच्या संकेतस्थळावरून होते. दुसरीकडे पैसे देऊ नका, फसाल. फाट्याहून आठ-दहा मिनिटांत वर पोचता. गुडघ्यांचे हाल वाचतात हे खरं. पण शरीराला जुळवून घ्यायला जो वेळ हवा, तो तर यात अजिबातच मिळत नाही. लक्षणं दिसायला काही तास लागतात. म्हणून हेलिकॉप्टरनं जाणाऱ्यांनी आधी दोन रात्री गुप्तकाशीला काढाव्यात, वर पळापळ करू नये आणि शक्यतो त्याच दिवशी उतरावं. खेचरावर बसणाऱ्यांनी जनावराकडेही पाहावं. लंगडत असेल, पाठीवर जखम असेल, तर ते घेऊ नये. दरडोई एकच फेरी झालेलं जनावर मागायला लाजू नका. आणि कंडी-डंडीवाल्याशी घासाघीस करताना तो आपलं ओझं कुठवर नेणार आहे, ते आठवा.

शेवटचा मुद्दा. मला वाटतं तोच सगळ्यात कामाचा.

अनेक घरांत आई-वडिलांची इच्छा असते, “एकदा केदारनाथ घडवा.” मुलांना ती पुरी करायची असते. वडिलांचं हृदय साथ देत नसतं, आईचे गुडघे गेलेले असतात. मग एक तर जोखीम घेऊन नेतात, नाही तर मनाला खंत लावून घेतात. अशा घरांनी उखीमठ लक्षात ठेवावं. भाऊबीजेनंतर डोली खाली येते आणि सहा महिने केदारनाथाची पूजा ओंकारेश्वर मंदिरात होते. तीच पंचमुखी मूर्ती, तेच पुजारी, तीच पूजा. गाडी देवळाच्या जवळपर्यंत जाते. उंची १,३०० मीटर, आपल्या महाबळेश्वरएवढीच. गर्दी नाही, रांग नाही, आणि स्वच्छ दिवशी समोर बर्फाची शिखरं दिसतात. थंडीचे कपडे घ्या आणि नोव्हेंबरात किंवा मार्चमध्ये आई-वडिलांना तिथे घेऊन जा. हे ‘त्यापेक्षा बरं’ म्हणून केलेलं दर्शन नव्हे. जी परंपरा देवाला वर नेते, तीच परंपरा त्याला खाली आणते. हिवाळ्यात देवळात बसून राहणं शक्य नाही हे तिनं ओळखलं आणि देवाचा मुक्काम हलवला. डोंगराशी हट्ट करायचा नाही, हे शहाणपण त्या लोकांनी देवाच्या बाबतीतही पाळलं.

मग आपण आपल्या माणसांच्या बाबतीत ते पाळायला काय हरकत आहे?

बडोद्याचे ते काका पुढच्या मार्चमध्ये उखीमठला जाऊन आले. मुलानं फोटो पाठवला. पुढे वर जायचं की नाही, ते डॉक्टर ठरवतील, असं त्यानं खाली लिहिलं होतं.

तुम्ही जाल तेव्हा सावकाश जा, थांबत जा आणि सगळे मिळून परत या.

जय हिंद.